अठ्ठ्याहत्तर नंबर लागला का?

२०२५ च्या मे महिन्यात लॉस एंजेलिस विमानतळाशेजारच्या ‘इन-एन-आउट’ या बर्गरवाल्याकडं मी स्वतः रांगेत उभा राहिलो, स्वतः ऑर्डर दिली, स्वतः पैसे मोजले आणि खाल्लं. यात काय मोठं, असं पुण्यामुंबईची पोरं म्हणतील. हे त्यांच्यासाठी नाहीच. मुलाकडं चार-सहा महिन्यांसाठी गेलेले जे आईबाप काचेच्या दारापाशी पोचले की “तुम्हीच काय ते आणा, आम्ही बसतो इथं” म्हणून बाकडं गाठतात, त्यांच्यासाठी आहे. मीही त्यातलाच.

माझी थोडी ओळख द्यायला हवी, कारण पुढं तिचा संबंध आहे. एस.टी.त तेहतीस वर्षं काढली. आधी वाहक, मग वाहतूक नियंत्रक. म्हणजे स्टँडवर काचेच्या खोलीत बसून गाड्यांच्या नोंदी करणारा आणि माईकवर “सातारा-स्वारगेट विनाथांबा गाडी फलाट क्रमांक अमुकवर लागलेली आहे” असं ओरडणारा माणूस. २०१९ ला निवृत्त झालो. माझं इंग्रजी परिपत्रकांचं. वाचायला घाबरत नाही, समोरचा बोलायला लागला की घाम फुटतो.

मुलगा टॉरन्सला राहतो. तिथून हे दुकान गाडीनं वीस-पंचवीस मिनिटांवर. नातू नऊ वर्षांचा, त्याला विमानांचं वेड. सेपुल्वेडा बुलेवार्डवरच्या त्या शाखेच्या डोक्यावरूनच उत्तरेकडच्या धावपट्टीवर विमानं उतरतात, इतकी खाली की चाकं दिसतात. आम्ही पोचल्यापासून त्याचं टुमणं सुरू होतं, “आबा, तिथं जाऊ या.”

पहिल्यांदा गेलो शनिवारी, १० मे २०२५ ला, दुपारी एक वाजता. ही चूक करू नका. गाड्यांची रांग दुकानाला वळसा घालून पार रस्त्यापर्यंत आलेली. सवयीनं मोजल्या, चोवीस गाड्या आमच्या पुढं. आत तर सातारा स्टँडवर दिवाळीच्या पहिल्या आंघोळीच्या आदल्या दिवशी असते तशी गर्दी. आमच्या मंडळींनी काचेतून बघितलं आणि जाहीर केलं, “अहो, मी नाही उतरायची.” मी मनातून खूश झालो. माझ्यावर खापर नको.

मग मुलानं गाडी त्या रांगेतच घातली. याला ड्राइव्ह-थ्रू म्हणतात. गाडीतून न उतरता ऑर्डर द्यायची, पुढच्या खिडकीवर पैसे द्यायचे, त्याच्या पुढच्या खिडकीवर माल घ्यायचा. मला वाटलं दोन तास गेले. पण थोड्या वेळानं पांढरी कागदी टोपी आणि लाल एप्रन घातलेली एक मुलगी हातात टॅब घेऊन गाड्यांच्या रांगेतून चालत आली. प्रत्येक काचेपाशी थांबून ऑर्डर टिपत होती. मी बघतच राहिलो. गर्दीच्या दिवशी आम्ही हेच करायचो. गाडी स्टँडच्या बाहेर पडायच्या आधी वाहकानं खाली उतरून, तिकिटं फाडून मोकळं व्हायचं, म्हणजे गाडी वाटेत थांबत नाही. चोवीस गाड्या पस्तीस मिनिटांत निघाल्या. माझ्या हिशेबानं हे उत्तम आहे.

घरी येऊन नातवानं इंटरनेटवरून वाचून दाखवलं, की हॅरी आणि एस्थर स्नायडर या नवराबायकोनं बाल्डविन पार्क गावात १९४८ साली हे सुरू केलं. दहा फूट बाय दहा फुटांची टपरी, आणि गाडीत बसून ऑर्डर देता यावी म्हणून दोन्हीकडून बोलता येईल असा भोंगा बसवलेला. आपली एस.टी.सुद्धा १९४८ चीच. १ जूनला पहिली गाडी पुणे-अहमदनगर धावली. यांचा दिवस २२ ऑक्टोबर. म्हणजे आम्ही पावणेपाच महिन्यांनी सीनियर.

तर त्या पहिल्या दिवशी मुलानं आमच्यासाठी बटाट्याचे फ्राईज आणि शेक घेतले आणि रस्त्यापलीकडच्या हिरवळीवर आम्ही बसलो. स्वतःसाठी त्यानं काय घेतलं ते सांगितलं नाही. तो जरा लांब, एका झाडापाशी, आमच्याकडं पाठ करून खात उभा राहिला. आता हे दुकान असं आहे की तिथं मांस एकच, गाईचं. कोंबडी नाही, मासा नाही, बकरं तर नाहीच. आमच्या घरात मटण चालतं, आषाढात जरा जास्तच चालतं, पण ते नाही. एक्केचाळीस वर्षांचा, केस पिकायला लागलेला माझा मुलगा, शाळेच्या भिंतीआड बिडी ओढणाऱ्या पोरासारखा उभा होता. त्यानं मान वळवली तेव्हा मी आकाशाकडं बघितलं. विमान येतच होतं. नातू ओरडला, “आबा, बघ बघ!” आणि मी फार मन लावून बघितलं. यावर आम्ही दोघं अजून काही बोललेलो नाही आणि बोलायचं काही आहे असंही मला वाटत नाही.

घरी आल्यावर नातू म्हणाला, “आबा, पुढच्या वेळी तू ऑर्डर दे.” नऊ वर्षांच्या पोरासमोर नाही म्हणवेना. पुढचा आठवडा तयारीत गेला.

फलकावर शाकाहारी बर्गर लिहिलेला नाही. तीन बर्गर, फ्राईज, शेक, कोल्ड्रिंक, संपलं. पण न लिहिलेल्या गोष्टी मिळतात आणि सगळ्या गावाला त्या माहीत आहेत. त्यातलं एक ‘ग्रिल्ड चीज’. पावात मांसाच्या वडीऐवजी नुसतं वितळलेलं चीज, सोबत सॅलडची पानं, टोमॅटो, कांदा आणि ‘स्प्रेड’ नावाची गुलाबीसर चटणी. या स्प्रेडमध्ये अंड्याचा बलक असतो, म्हणून अंडं न खाणाऱ्यांनी “नो स्प्रेड” म्हणायचं आणि त्याऐवजी केचप मागायचं. आमच्या मंडळींना अंडं चालत नाही. फ्राईजचे बटाटे तिथंच सोलतात, तिथंच कापतात आणि सूर्यफुलाच्या तेलात तळतात, त्यामुळे त्यात अडचण नाही. अमेरिकेत हे विचारून घेतलेलं बरं. मॅकडोनाल्ड्सच्या तिथल्या फ्राईजमध्ये गोमांसाचा अर्क असतो, यावरून २००१ साली सिएटलमध्ये खटला झाला होता आणि २००२ मध्ये कंपनीनं माफी मागून हिंदू, शाकाहारी आणि इतर संस्थांना मिळून १ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. आणि एक स्पष्ट सांगतो. ज्या भटारखान्यात हे ग्रिल्ड चीज होतं तिथंच शेजारी मांस भाजतात. ज्यांना भांड्याचाही विटाळ आहे त्यांनी हिरवळीवर बसून विमानं बघावीत, घरून दशम्या न्याव्यात.

दुसरी न लिहिलेली गोष्ट म्हणजे ‘ॲनिमल स्टाईल’. नावाला फसू नका. यात जास्तीचा स्प्रेड, काकडीचं लोणचं आणि तव्यावर तांबूस परतलेला कांदा घालतात. बर्गर असेल तर त्याच्या वडीला मोहरीचा लेपही लावतात, पण ग्रिल्ड चीजमध्ये वडीच नाही. सूनबाई म्हणाल्या, “आबा, तुम्हाला परतलेला कांदा आवडेल, तुम्ही तेच सांगा.” आता माळ न घातलेला का होईना, पण शाकाहारी जेवायला निघालेला माणूस काउंटरवर जाऊन “ॲनिमल” म्हणणार. वाक्य डायरीत लिहून काढलं, देवनागरीत: “टू ग्रिल्ड चीज, ॲनिमल स्टाईल. वन ग्रिल्ड चीज, नो स्प्रेड, केचप. टू फ्राईज, वेल डन. वन चॉकलेट शेक. फॉर हियर.” आंघोळ करताना म्हटलं, चालायला जाताना म्हटलं. आमची मंडळी म्हणाली, “भीमरूपीसुद्धा एवढं पाठ नव्हतं तुमचं.”

शनिवार, १७ मे. या वेळी दुपारी साडेतीनला पोचलो, म्हणजे जेवणाची वेळ टळलेली. दुकान सकाळी साडेदहाला उघडतं आणि रात्री एकपर्यंत, शुक्रवारी-शनिवारी दीडपर्यंत चालतं, त्यामुळे अधल्यामधल्या वेळा भरपूर आहेत. तरीही पार्किंगला दोन फेऱ्या मारायला लागल्या. मुलगा म्हणाला, “तुम्ही उतरा, मी गाडी लावून येतो.” तो मुद्दाम उशिरा आला असं माझं मत आहे.

३:४२ ला मी आणि नातू रांगेत. रांग दाराच्या बाहेर, पुढं एकतीस माणसं. मंडळींना जागा धरायला पाठवलं. इथं आमचा एक अंदाज चुकला. चार माणसांचं एक टेबल रिकामं झाल्याबरोबर हिनं त्यावर रुमाल टाकला आणि हात धुवायला गेली. आपल्याकडं खिडकीतून रुमाल टाकला की सीट तुमची, त्यावर हायकोर्टातही कोणी अपील करणार नाही. तिथं रुमालाला किंमत नाही. परत येते तो तिथं विमानतळाच्या बॅगा घेतलेली चार पोरं बसलेली आणि रुमाल नीट घडी करून कडेला ठेवलेला! तेव्हा माणूस बसवा, वस्तू नको. पुढं तिनं आपल्या पद्धतीनं काम केलं. एका मेक्सिकन कुटुंबाच्या बाकावर मोकळी कड बघितली, हातानं “सरका जरा” अशी खूण केली आणि बसली. भाषा लागली नाही.

रांगेत असताना काचेतून आतलं दिसतं. एक मुलगा भिंतीवरच्या यंत्रात अख्खा बटाटा ठेवायचा, दांडा खाली ओढायचा, की खाली चौकोनी सळ्या पडायच्या. आपल्या सोऱ्याचाच मोठा भाऊ. बटाटा, दांडा, बटाटा, दांडा. तो एकदाही वर बघत नव्हता. कॅलिफोर्नियात १ एप्रिल २०२४ पासून मोठ्या साखळ्यांच्या फास्ट फूडमधल्या कामगाराला तासाला कमीत कमी २० डॉलर द्यावे लागतात. रांगेत दुसरा उद्योग नव्हता म्हणून गुणाकार केला. माझी ईपीएस-९५ या भविष्यनिधी योजनेतली महिन्याची पेन्शन त्या पोराच्या दोन तासांच्या बटाट्यांपेक्षा कमी भरली. नातवानं विचारलं, “आबा, काय मोजतोय?” म्हटलं, “काही नाही, माणसं.”

४:०३ ला काउंटर. समोर वीस-एकवीस वर्षांची मुलगी, प्रसन्न. मी डायरी उघडली नाही, पाठ होतं. एका दमात म्हणून टाकलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि उलट प्रश्न विचारला. याची तयारीच नव्हती. प्रश्न असा, की केचपवाल्यात कांदा हवा का, हवा तर कच्चा का परतलेला. मला फक्त “ओनियन्स?” एवढं कळलं. “यस,” म्हटलं. तिनं पुन्हा काहीतरी विचारलं. “यस,” म्हटलं. नातवानं एप्रनइतक्या उंचीवरून सांगितलं, “ग्रिल्ड, प्लीज.” तर प्रश्न येतात हे धरून चला. कांद्याचा येतो, आणि इथं खाणार का नेणार हा येतो. “फॉर हियर” म्हटलं की ट्रेमध्ये देतात, “टू गो” म्हटलं की पिशवीत. गाडीतच खायचं असेल तर तसं सांगितलं की उघड्या खोक्यात देतात, मांडीवर घ्यायला सोयीचं.

बिल झालं बावीस डॉलर आणि वर काही सेंट, म्हणजे आपले अठराशे-एकोणीसशे. फलकावरच्या किमतीत कर धरलेला नसतो, लॉस एंजेलिसमध्ये तो ९.७५ टक्के आहे, तेव्हा मनातल्या मनात दहावा हिस्सा वाढवूनच नोट काढा. कार्ड चालतं, पण मी मुलाकडून आधीच चाळीस डॉलर मागून घेतले होते. सुट्टे मोजून घेतल्याशिवाय काउंटर सोडायचा नाही ही जुनी सवय. मागच्या बाईंनी काही घाई केली नाही. टिप द्यावी लागत नाही. पाण्यासाठी छोटा पेला मागितला तर फुकट मिळतो. मिरच्याही फुकट, पण त्या मागाव्या लागतात. पिवळ्या, बुटक्या, व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या. त्यांच्याबद्दल पुढं.

पावतीवर नंबर होता ७८. आता तो माईकवर पुकारणार.

नातू मिरच्या मागायला गेला आणि मी घोळक्यात उभा राहिलो. “सेव्हन्टी फोर” ऐकलं. “सेव्हन्टी सिक्स” ऐकलं, हे जवळपास खात्रीनं. मग डोक्यावरून विमान गेलं, मग एका लेकरानं भोकाड पसरलं. मग “सेव्हन्टी नाईन”. मी पावती परत बघितली. सत्याहत्तर आणि अठ्ठ्याहत्तर गेले कुठं? म्हटलं, उशिरा सुटणार असेल. “एटी वन” झालं. माझ्या पोटात खड्डा. रद्द केली काय? विचारायला जावं तर काय विचारायचं, आणि माईकवरच्या पोरानंही उलट प्रश्न विचारला तर?

तिथं उभं राहून मला माझी खोली आठवली. काचेला गोल भोक होतं आणि त्या भोकातून दिवसभर तोंडं यायची. “साहेब, कराड लागली का?” आत्ताच दोनदा सांगितलेलं असायचं. एखादी म्हातारी तर चार वेळा यायची. आणि मी काय म्हणायचो? “आत्ता सांगितलं ना! कान कुठं ठेवलेत?” माईकवर मी स्वच्छ बोलतो अशी माझी समजूत होती. वरिष्ठांनी एकदा कौतुकही केलं होतं. पण पत्र्याचं छत, बाहेर इंजिनं, खारेदाणेवाले, आणि वर माझा आवाज. त्या म्हातारीला त्यातलं काय पोचत असेल, हे बघायला मी तेहतीस वर्षांत कधी फलाटावर जाऊन उभा राहिलो नव्हतो.

शेवटी गेलो. पावती पुढं केली, तोंडानं काही बोललो नाही. पोरानं बघितलं, शेजारच्या फळीकडं हात केला. माझा ट्रे तिथंच होता, पावतीची दुसरी प्रत त्याला लावलेली. “मी तीन वेळा पुकारलं तुम्हाला,” असं काहीसं तो म्हणाला, हसून. आणि पहिले फ्राईज निवले असतील म्हणून गरम देऊ का विचारलं. हा प्रश्न मात्र मला पूर्ण कळला. “यस,” म्हटलं.

त्यानं दुसरे फ्राईज तळेपर्यंत मी तिथंच कडेला उभा होतो. शेजारी डोक्याला स्कार्फ बांधलेल्या एक आजी होत्या, कुठल्या देशाच्या ते कळलं नाही. त्यांनी माझ्यासमोर पावती धरली आणि भुवया वर केल्या. ८४. मी फळीवर नजर टाकली, ८२ चा ट्रे लागलेला. “नॉट यट,” म्हटलं, “टू मोअर.” बोटांनीही दाखवलं. त्यांनी मान डोलावली. ८३ झाला तेव्हा मी त्यांना खूण केली. ८४ पुकारल्यावर पुन्हा केली. त्या ट्रे घेऊन गेल्या तरी मी थोडा वेळ तिथंच थांबलो होतो. नातवानं शर्ट ओढला, “आबा, फ्राईज आले ना!”

४:२९ ला खायला बसलो. चवीचं म्हणाल तर पाव ताजा, टोमॅटो रसरशीत, परतलेला कांदा झकास, अगदी आपल्या कटासाठी भाजतो तशा वासाचा. बाकी तिखटाच्या नावानं शंख. त्या पिवळ्या मिरच्या चावल्या की आंबट पाणी तोंडात उडतं, मग सावकाश झोंबतात. लवंगीची सर नाही, पण परमुलखात एवढंही पुष्कळ. फ्राईज ‘वेल डन’च मागा. पहिल्या आठवड्यातले साधे होते, ते पाच मिनिटांत मऊ पडले होते. हे कुरकुरीत राहिले. शेक इतका घट्ट की नळीनं ओढताना मंडळींचे गाल आत गेले आणि नातू हसून हसून बाकावरून घसरला.

शेकच्या पेल्याच्या तळाशी बारीक अक्षरात ‘प्रॉव्हर्ब्ज ३:५’ छापलेलं दिसलं. मला वाटलं परिपत्रक क्रमांक किंवा छपाईची तुकडी असेल. नातवानं सांगितलं, बायबलमधल्या ओवीचा आकडा आहे तो, मालक मंडळी श्रद्धाळू आहेत. म्हणूनच नाताळला आणि ईस्टरला दुकान बंद असतं, शिवाय नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या दिवशीही. जाणार असाल तर तारीख बघून जा.

मुलगा आला तेव्हा आम्ही अर्धं संपवलं होतं. त्यानं माझ्याशेजारी बसून माझ्या ट्रेमधले फ्राईज खाल्ले. “जमलं का?” म्हणाला. नातवानंच उत्तर दिलं, “आबाचा नंबर हुकला होता.” मी म्हटलं, “हुकला नव्हता. गाडी उशिरा लागली.”

उरलेल्या तीन मिरच्या हिनं कागदी रुमालात बांधून पर्समध्ये टाकल्या. दुसऱ्या दिवशी वरणभाताबरोबर तोंडी लावायला घेतल्या.